चौथ्यांदा वजन लावण्याआधी चाक हाताने फिरवून बघा

टायर दुकानाच्या व्हिडिओत बॅलन्सिंग मशीन दाखवलं, पण ट्रॉलीचा विषय घाईत उरकला. तो इथे लिहितो, कारण जानेवारीत गड्डा यात्रेच्या आधी पिकअपमागे खाऊगाडी ओढत आणणारं गिऱ्हाईक तुमच्याकडे येणारच.

आमच्या बॅचमधल्या एका दुकानदाराकडे असंच एक गिऱ्हाईक आलं. "अण्णा, सत्तरच्या पुढं गेलं की आत सगळं नाचायलंय." याने दोन्ही चाकं मशीनवर घेतली, वजनं ठोकली, पैसे घेतले. आठ दिवसांनी तेच. पुन्हा वजनं. तिसऱ्यांदा तो माणूस आला तेव्हा गॅसच्या पाइपची क्लिप ढिली झाली होती. म्हणजे प्रश्न नुसता थरथरण्याचा राहिला नव्हता.

आधी हिशोब समजून घ्या. रिमवर 50 ग्रॅमचा फरक असेल, तर 80 च्या वेगात साधारण 5 किलोचा धक्का बसतो, तोही सेकंदाला 12 वेळा. वेग निम्मा केला की धक्का चौथाई होतो. म्हणून वजनाचा दोष हळू चालवताना जाणवत नाही, 60-70 च्या पुढे डोकं वर काढतो. गाडी वीस-तीसलाच उचकत असेल तर वजनं लावू नका. टायर किंवा रिम गोल राहिलेली नाही. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरत असेल तर ड्रम बघा.

ट्रॉलीची खोच अशी की ड्रायव्हरला तिचं थरथरणं नीट कळतच नाही. ना तिला स्टिअरिंग, ना सीट. म्हणून आधी पिकअप एकटी त्याच रस्त्यावर, त्याच वेगात चालवून बघा. मग ट्रॉली जोडा आणि आतल्या भिंतीला मोबाइल पक्का चिकटवून व्हिडिओ चालू ठेवा. चालत्या ट्रॉलीत माणूस बसवायचा नाही, पोरगा कितीही हौशी असला तरी!

आता जॅक लावा. दुसऱ्या चाकाला दगड, खाली स्टँड. चाक वर-खाली धरून हलवा. खडखड आली तर बेअरिंग ढिलं आहे, ते आधी. मग टायरजवळ एक काडी स्थिर धरा आणि चाक सावकाश फिरवा. काडी आणि टायरमधली फट दीड-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त कमी-जास्त होत असेल, तर मशीन त्याला बरं करू शकत नाही. रिमवरही हेच करा, म्हणजे दोष टायरचा की रिमचा ते कळेल.

ही चाकं वर्षातले कित्येक महिने आपल्या उन्हात एकाच जागी उभी असतात. हवा कमी असेल तर टायर खालून चपटा होतो. हवा भरून पंधरा-वीस किलोमीटर चालवल्यावर बऱ्याचदा तो सुधारतो, म्हणून थंड टायर लगेच मशीनवर चढवू नका. नक्षी नवी दिसते म्हणून फसूही नका. बाजूला चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा. भेगा किंवा फुगा दिसला तर टायर बाद.

एवढं पास झालं तरच मशीन. इथेही एक गोम आहे. बऱ्याच ट्रॉलींचं चाक मधल्या भोकावर नाही, नटांच्या उतारावर मध्यात येतं. मधलं भोक जरा सरकलेलं असेल तर कोनवर काढलेलं माप खोटं येतं. नटांच्या भोकांतून पकडणारी प्लेट मिळते, ती लावा. खात्रीसाठी चाक सोडून अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवा; वजनाची जागा बदलली तर तुमची पकड चुकली आहे. चाक बसवताना नट समोरासमोरचे आवळा आणि 50-100 किलोमीटरनंतर पुन्हा आवळायला बोलवा.

आपल्या दुकानदाराकडे काय निघालं? एक टायर आतून उचललेला, काडीजवळ चार मिलिमीटरचा फरक. दुसरं चाक कोनवर चुकीचं बसलेलं. त्याने टायर बदलला, दुसरं चाक प्लेटवर घेतलं आणि आधीच्या बॅलन्सिंगचे पैसे नव्या बिलातून वजा केले. क्लिप मात्र त्याने स्वतः आवळली नाही, गॅसवाल्याकडे पाठवलं. आता बिलावर तो 'तपासणी' अशी वेगळी ओळ लिहितो आणि तिचे पैसे मागतो. तुम्हीही मागा, पण काडी गिऱ्हाइकाच्या हातात द्या आणि चाक त्यालाच फिरवू द्या.