खाणीतला गणपती आणि आठ वर्षांची शंका

प्रश्न : आम्ही रेडी गावचे. मुलगी तिसरीत आहे. १९७६ मध्ये गावातल्या खाणीत गणपती सापडला, त्याआधी ट्रकचालकाला स्वप्नात दृष्टान्त झाला, असं आजोबा सांगतात. ती मला विचारते, ‘हे खरं?’ शिवाय चतुर्थीच्या सुट्टीत अभ्यास बुडतो तो वेगळाच. काय करावं?

उत्तर : लोहखनिजाच्या खाणीत दोन हातांची मूर्ती मिळाली, ही घटना. दृष्टान्त ही श्रद्धा. ‘आजोबा मानतात, तुझं तू मोठेपणी ठरव,’ इतकं सांगणं पुरे. आजोबांना मात्र तिच्यासमोर खोटं पाडू नका. उलट तिलाच प्रश्न घेऊन त्यांच्याकडे पाठवा. तेव्हा खाण कशी चालायची? गावात बातमी कोणी आणली? बघायला कोण कोण धावलं? इतिहासाचा अभ्यास याहून वेगळा नसतो.

अभ्यास बुडतो, हे मला पटत नाही. गणपतीच्या वर टांगायच्या माटवीसाठी कवंडळं, कांगणी, शेरवडं कुठून आणली, वेलीवरची कोणती, झुडपाची कोणती, हे तिला रानात नेऊन दाखवा. कवंडळ दिसायला देखणं, पण तोंडात घालायचं नाही, हेही तिथेच कळेल. वही भरण्याची सक्ती तेवढी नको. आरत्या पाठ असतील, तर पाढ्यांची काळजी मी तरी करणार नाही.