टॉर्चला न दिसणारी कीड

“डॉक्टर, मी रोज रात्री मोबाइलच्या टॉर्चमध्ये हिचे दात बघते. काळा ठिपका कुठेच नाही.” पाच वर्षांच्या मुलीला घेऊन आलेली आई सांगत होती आणि ते खरंच होतं. मी दिवा लावून, आरसा फिरवून पाहिलं. दाढा वरून स्वच्छ. तक्रार एवढीच, की पोळीभाजी खाताना उजवीकडे घास अडकतो. एक्स-रे काढला तेव्हा शेजारशेजारच्या दोन दाढा जिथे एकमेकींना टेकतात, त्याच्या जरा खाली दोघींतही काळसर सावली दिसली. एकीत ती जवळजवळ नसेपर्यंत पोचली होती. दुखणं मात्र अजून सुरूही झालं नव्हतं.

दुधाच्या दाढा एकमेकींना पसरट बाजूने चिकटून असतात. तिथे ब्रशचे केस शिरत नाहीत, पण दुधात बुडवलेलं बिस्किट शिरतं आणि तासन्‌तास बसून राहतं. त्यात दुधाच्या दातावरचं कवच, म्हणजे इनॅमल, जेमतेम एक मिलिमीटर. कायमच्या दाताच्या साधारण निम्मं. आतली नसही तुलनेने मोठी. त्यामुळे कीड एकदा आत शिरली की नस गाठायला तिला फार वेळ लागत नाही.

“दुधाचेच दात, पडणारच आहेत की!” हे वाक्य ऐकलं की मला वाईट वाटतं. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, पण मागच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. म्हणजे त्या मुलीला याच दाढांवर अजून पाच-सहा वर्षं जेवायचंय. दाढ लवकर काढावी लागली, तर सहाव्या वर्षाच्या सुमारास मागून येणारी कायमची दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताची जागा जाते.

या एक्स-रेला ‘बाइटविंग’ म्हणतात. छोटा सेन्सर जिभेच्या बाजूला ठेवायचा, त्याची पट्टी मुलाने दातांत धरायची, बस्स. काही मुलांना उमासे येतात. अशा वेळी मी सांगते, “नाकाने श्वास घे आणि एक पाय वर उचलून धर.” पायाकडे लक्ष गेलं की काम होतं. किरणांची भीती पालकांना वाटते आणि ती रास्त आहे. पण दोन बाजूंचे दोन डिजिटल फोटो काढले, तरी शरीराला मिळणारे किरण निसर्गातून एक-दोन दिवसांत आपोआप मिळतात त्याच्या आसपासच असतात.

म्हणून सरसकट प्रत्येक मुलाचा एक्स-रे काढावा, असं मात्र मी म्हणणार नाही. दाढांमध्ये फट असेल, तर त्या बाजू डोळ्यांनी दिसतात; फोटोची गरज नसते. दाढा चिकटलेल्या असतील, आधी कीड लागलेली असेल, रात्री दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपायची सवय असेल, तर काढावा. आणि एक लक्षात ठेवा: इनॅमलमधला बराच क्षार निघून गेल्याशिवाय फोटोत सावली उमटत नाही. फोटोत दिसते त्यापेक्षा कीड प्रत्यक्षात थोडी खोलच असते.

सावली इनॅमलपुरती असेल, तर ड्रिल लागत नाही. फ्लोराइडचं वार्निश लावायचं, येता-जाता गोड देणं थांबवायचं, रात्री त्या दाढांमधून फ्लॉस फिरवायचा आणि सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा फोटो काढून पाहायचा. फ्लॉस फिरवताना एकाच जागी त्याचे धागे विस्कटत असतील, तर तिथे कडा फुटल्याची शंका घ्या. टूथपेस्ट फ्लोराइडचीच हवी: तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी.

त्या मुलीच्या एका दाढेत सिमेंट भरलं, दुसरीच्या नसेवर उपचार करून स्टीलची टोपी बसवली. एक्स-रेची प्रत आईने मोबाइलवर घेतली. तुम्हीही घेत जा. पुढच्या वेळी डॉक्टर बदलला, तरी सावली वाढली की तिथेच थांबली, हे जुना फोटो शेजारी ठेवूनच कळतं.