बुलबुल, बकरी आणि आपण : एका हरवलेल्या विकराची कथा



मी कला शाखेचा पदवीधर, बँकेत लेखनिक. जीवरसायनशास्त्रावर मी लिहावे हे काहींना आगाऊपणाचे वाटेल. परंतु जो विषय स्वतःला कष्टाने समजून घ्यावा लागतो, तो दुसऱ्याला सांगताना कुठे अडते हे चांगले ठाऊक असते. एवढ्या भरवशावर हा लेख.

सुरुवात एका युद्धापासून करतो. पहिल्या महायुद्धात जनरल टाउनशेंड यांच्या हाताखालची सहावी पुणे डिव्हिजन आजच्या इराकमधील कुत या गावी तुर्की सैन्याच्या वेढ्यात सापडली. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, म्हणजे १४७ दिवस हा वेढा चालला. आत अडकलेल्यांत मराठा पलटणीही होत्या. भाजीपाला संपला, मग घोडे कापले जाऊ लागले. गोऱ्या सैनिकांनी ते मांस खाल्ले. हिंदी सैनिकांपैकी बहुतेकांनी धर्म बुडेल या भीतीने कित्येक आठवडे त्याला हात लावला नाही. हिंदी सैनिकांच्या हिरड्या सुजल्या, रक्त येऊ लागले, अंगावर काळेनिळे डाग उठले. हा स्कर्व्ही रोग. गोऱ्यांना तो फारसा झाला नाही. त्यांना पांढऱ्या मैद्याच्या पावामुळे बेरीबेरी झाला आणि त्यातून आटा खाणारे हिंदी सैनिक बचावले. एकाच वेढ्यात दोन ताटे आणि दोन रोग!

आता प्रश्न असा, की भाजी-फळ न खाणाऱ्याला घोड्याच्या मांसाने स्कर्व्हीपासून कसे वाचवले? घोडा तर लिंबू खात नाही. याचे उत्तर मिळायला पुढची चाळीस वर्षे लागली, आणि त्या उत्तरातला मोठा वाटा कलकत्त्याच्या एका प्रयोगशाळेचा आहे.

स्कर्व्ही 'क' जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो. आपली कातडी, हिरड्या, रक्तवाहिन्या, हाडे यांना घट्ट धरून ठेवणारे कोलॅजेन नावाचे प्रथिन असते. ते पक्के विणणाऱ्या विकराच्या मध्यभागी लोहाचा अणू असतो, आणि तो अणू कामाच्या स्थितीत ठेवण्याचे काम 'क' जीवनसत्त्व करते. ते नसेल तर वीण सैल पडते. जुनी जखमसुद्धा उसवू शकते.

विकर म्हणजे एन्झाइम. शरीरातले रासायनिक बदल घडवून आणणारे प्रथिन. एका विकराचे साधारणपणे एकच ठरलेले काम. आमच्या बँकेत चेक पास होताना चार टेबलांवरून जातो, तसेच हे समजा. एक सही पडताळतो, दुसरा शिल्लक पाहतो, तिसरा नोंद करतो, चौथा पैसे देतो. प्राण्याच्या शरीरात ग्लुकोज ही साखर अशीच टेबलामागून टेबल पुढे सरकते. तिच्यापासून ग्लुक्युरोनिक आम्ल, त्यापासून गुलोनिक आम्ल, मग गुलोनोलॅक्टोन, आणि शेवटच्या टेबलावर गुलोनोलॅक्टोन ऑक्सिडेज हे विकर त्याचे 'क' जीवनसत्त्व करते. घोडा, गाय, बकरी, कुत्रा, उंदीर यांच्या यकृतात हे काम रोज चालते. बकरीच्या अंगात तर दिवसाला ग्रॅमच्या हिशेबात 'क' तयार होते. आपल्या मात्र शेवटच्या टेबलावरची खुर्ची रिकामी आहे. मागची सगळी कागदपत्रे तयार, फक्त पैसे देणारा नाही. माणूस, माकड आणि गिनीपिग यांच्यात नेमकी हीच एक पायरी गळालेली आहे, हे जे. जे. बर्न्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५७ साली दाखवून दिले. कुतच्या गोऱ्या सैनिकांना वाचवणारे 'क' घोड्याने स्वतःच्या यकृतात तयार केलेले होते.

त्याच सुमारास कलकत्त्याच्या युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ सायन्समध्ये डॉ. बिरेशचंद्र गुहा (१९०४–१९६२) यांचा गट याच प्रश्नावर काम करीत होता. गुहा यांनी विलायतेत जीवनसत्त्वांवर संशोधन केले होते. केंब्रिजला ते हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत होते. परत आल्यावर त्यांनी अन्न आणि पोषण हा विषय धरला. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात वनस्पतींच्या प्रथिनांपासून दूध बनवण्याच्या खटपटीत ते होते. भुकेल्या माणसाचा विचार करणारा शास्त्रज्ञ म्हणून मला त्यांचे फार अप्रूप वाटते.

गुहा आणि त्यांचे सहकारी रॉय यांनी १९५८ साली लंडनच्या 'नेचर' नियतकालिकात एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. त्याचा नायक आपल्या परिचयाचा आहे : लालबुड्या बुलबुल. आपल्या पेरूच्या झाडावर बसून पिकलेल्या फळाला चोच मारणारा तोच. तोवर समजूत अशी, की पक्ष्यांना 'क' बाहेरून लागत नाही. कोंबडीला लागत नाही, कबुतराला लागत नाही, म्हणून सगळ्याच पक्ष्यांना नाही. या दोघांनी बुलबुलाला 'क' नसलेला आहार दिला आणि त्याला स्कर्व्ही झाला. बुलबुलाच्या शरीरातही शेवटची खुर्ची रिकामीच निघाली.

पुढे गुहा यांच्याच परंपरेतले आय. बी. चॅटर्जी यांनी ही तपासणी फार लांबवर नेली. पद्धत सांगायला सोपी, करायला किचकट. प्राण्याचे यकृत किंवा मूत्रपिंड घ्यायचे, वाटायचे, वेगाने फिरवून पेशीतले बारीक कण वेगळे करायचे, त्यात गुलोनोलॅक्टोन घालायचे आणि 'क' तयार होते का ते मोजायचे. बेडूक, पाल, कासव, पक्षी, वटवाघूळ, सस्तन प्राणी असे एकामागून एक तपासले. १९६९ मध्ये चौधरी यांच्यासह पक्ष्यांवरचा आणि १९७३ मध्ये एकूण उत्क्रांतीवरचा लेख अमेरिकेच्या 'सायन्स'मध्ये आला. त्यातून चित्र असे उभे राहिले : बेडूक आणि सरपटणारे प्राणी यांच्यात हे विकर मूत्रपिंडात, सस्तन प्राण्यांत यकृतात. पक्ष्यांत काहींच्या मूत्रपिंडात, काहींच्या यकृतात, काहींच्या दोन्हीकडे, आणि बुलबुलासारख्या कित्येकांत कुठेच नाही.

या चित्रात पुढे दुरुस्त्याही झाल्या. माशांमध्ये हे विकर नसते असे चॅटर्जींनी मांडले होते. नंतर स्टर्जनसारख्या प्राचीन वंशाच्या माशांत ते सापडले. वटवाघळांबद्दलचे सरसकट विधानही २०११ मधील संशोधनाने सौम्य करावे लागले. यामुळे चॅटर्जींचे मोल कमी होत नाही. आपण कालाम सुत्ताचा आदराने उल्लेख करतो. परंपरा आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून मानू नका, हे तत्त्व प्रयोगशाळेत कसे पाळले जाते त्याचे हे उदाहरण आहे. बुद्धाला विकरे ठाऊक होती असे म्हणण्याचा वेडेपणा मात्र मी करणार नाही. तसले दावे इतरांनी आपापल्या पोथ्यांबद्दल पुष्कळ केले आहेत.

१९९४ साली निशिकिमी आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी माणसाच्या आठव्या गुणसूत्रावर या विकराच्या जनुकाचे अवशेष शोधून काढले. पडक्या वाड्याची जोती दिसावीत तसे ते दिसतात. काही भाग शिल्लक, काही साफ गेलेले, विकर बनवण्याला निकामी. ही मोडतोड सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीची, माणूस जन्मण्याच्या कितीतरी आधीची. आपल्या वानर-पूर्वजांना फळे-पाने मुबलक मिळत, त्यामुळे मोडलेल्या जनुकाने त्यांचे अडले नसावे, असा तर्क आहे.

इथे मला थोडे थांबायचे आहे. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये जातीला रक्तशुद्धीचा आधार देणाऱ्यांचा समाचार घेतला. डॉ. भांडारकरांचा हवाला देऊन त्यांनी दाखवले, की शुद्ध रक्ताचा असा कोणताच वर्ग या देशात नाही. हा निकामी जनुक मला त्या संदर्भात आठवतो. जानवे घालणाऱ्याच्या, गावकुसाबाहेर ठेवलेल्याच्या, साहेबाच्या आणि हमालाच्या, सर्वांच्या आठव्या गुणसूत्रावर तोच पडका वाडा आहे. आपल्या काही तरुण वक्त्यांना यावरून 'विज्ञानाने समता सिद्ध केली' असे म्हणण्याचा मोह होतो. मला ते पटत नाही. समता हे नीतीचे तत्त्व आहे, ते एखाद्या विकरावर अवलंबून ठेवू नये. उद्या दुसरे एखादे विकर कुणात कमी-अधिक निघाले तर काय करणार? पण जन्माने पूर्ण असल्याचा दावा जो करतो, त्याच्याकडे पुरावा मागण्याचा हक्क आपल्याला आहे. या बाबतीत तो बकरीपेक्षाही अपूर्ण निघतो.

जे शरीर बनवत नाही ते ताटातून यावे लागते, आणि आपल्या वस्तीत खरा प्रश्न ताटाचाच आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम 'क' लागते. शंभर ग्रॅम पेरूत ते सुमारे दोनशे मिलिग्रॅम असते. म्हणजे एका पेरूत दिवसाची गरज भागून वर उरते. सफरचंद त्याच्या जवळपासही येत नाही. आजाऱ्याला भेटायला जाताना आपण सफरचंदे का नेतो, कोण जाणे. आवळा, शेवग्याचा पाला, कोथिंबीर, हिरवी मिरची यांतही 'क' भरपूर असते. डाळी-पालेभाज्यांतले लोह अंगी लागायलाही 'क' मदत करते. आपल्या मायभगिनींमध्ये पंडुरोग किती आहे हे पाहता ही गोष्ट प्रत्येक घरात पोचायला हवी.

वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांनी एक प्रयोग करावा. कोरड्या मटकीत 'क' जवळजवळ नसते. रात्री भिजवून फडक्यात बांधली की मोड येताना ते रोप स्वतःसाठी 'क' बनवू लागते. त्याच्या शेवटच्या टेबलावर माणूस आहे. म्हणून मूठभर मोड कच्चेच खावेत, कांदा आणि मीठ घालून. उरलेल्याची उसळ करावी, आणि लिंबू भांडे चुलीवरून उतरवल्यावर पिळावे. शिजताना पिळले तर आंबटपणा राहतो, 'क' बरेचसे जाते.