यवतमाळात बसून डीबी स्पेक्ट्रम दुरुस्त करण्याची कृती

पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात सिंक्लेअरच्या परवान्याने ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ हा घरगुती संगणक भारतात विकला. घरच्या टीव्हीला जोडायचा, कॅसेटवरून प्रोग्रॅम भरायचा. मेमरी ४८ किलोबाइट. घरातल्या माळ्यावर असा एखादा डबा सापडला तर तो भंगारात देऊ नका. तो दुरुस्त होण्यासारखा असतो, फक्त सुट्या भागांपाशी गाडी अडते. यवतमाळ, पुसद किंवा वणीच्या दुकानात जाऊन ‘स्पेक्ट्रमचे पार्ट आहेत का’ असं विचारलं तर नाही म्हणूनच ऐकावं लागणार. पण खास या मशीनचेच असे भाग बोटांवर मोजण्याइतके आहेत. बाकीचे त्या काळच्या टीव्हीत, पीसीत, प्रयोगशाळेच्या किटमध्येही होते. तेव्हा दुकानात मशीनचं नाव काढू नका. भागाचा नंबर सांगा, आणि तो नंबर आणखी कशात असायचा हे आधी शोधून ठेवा. सगळी कृती या एका सवयीवर उभी आहे.

सुरुवात यादीपासून. मशीन चालू करू नका. खालचे स्क्रू काढा, वरचं झाकण हलकेच उचला. कीबोर्डच्या दोन पातळ पट्ट्या बोर्डात खोचलेल्या असतात, त्यांना हिसका बसता कामा नये. बोर्डाचे चांगल्या उजेडात फोटो घ्या आणि प्रत्येक आयसीवरचा मजकूर वहीत उतरवा, शेवटच्या अक्षरासकट. ‘झेड-८०’ आणि ‘झेड-८० ए’ यांत फरक आहे: पहिला अडीच मेगाहर्ट्झचा, दुसरा चारचा. स्पेक्ट्रम साडेतीनवर चालतो, म्हणून त्याला ‘ए’च लागतो.

मग वीज. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी, १.४ अँपिअरचा अडॅप्टर लागतो आणि त्याच्या पिनेचा मधला भाग निगेटिव्ह असतो. आज बाजारात मिळणारे बहुतेक अडॅप्टर याच्या नेमके उलट, मध्ये पॉझिटिव्ह. पिन बसते म्हणून लावला तर आहे तेही जाईल. दुकानातच मल्टीमीटर लावून खात्री करा, नाहीतर टीव्हीवाल्याकडून टोकं उलटी जोडून घ्या. याच फेरीत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही आणा. ते सगळे बदलायचेच आहेत; इतक्या वर्षांत आतला द्राव सुकलेला असतो. हे काम गावातच होतं. मात्र १०५ अंशाचे मागा. आपल्याकडे मे महिन्यात खोलीतच चाळिशी असते, आणि मशीनच्या आत त्याहून जास्त.

कपॅसिटर बदलल्यावर पहिल्यांदा मशीन लावा, तेही क्षणभर. खालच्या मेमरीचे ४११६ नंबरचे आठ आयसी एका रांगेत आहेत. त्यांतल्या एकावर मोजा: पिन १ वर उणे ५ व्होल्ट, पिन ८ वर १२ आणि पिन ९ वर ५. यांतला उणे ५ नसेल तर ताबडतोब बंद करा. तो नसताना १२ व्होल्ट मिळत राहिले की ४११६ मरतो, आणि स्पेक्ट्रममध्ये बिघाडाची साखळी बहुतेक वेळा अशीच चालते. आधी टीआर-४ हा ट्रान्झिस्टर जातो, त्याच्यापाठोपाठ मेमरी. टीआर-४ म्हणजे झेडटीएक्स ६५०. त्याच्या जागी झेडटीएक्स ६५१ चालतो. शेजारचा टीआर-५, झेडटीएक्स २१३, तोही सोबतच बदला. हे दोन्ही यवतमाळात बहुधा मिळणार नाहीत. नागपूरला सीताबर्डीत विचारा, तिथे नसतील तर मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड. मागवताना चार-पाच घ्या, पोस्टाचा खर्च तेवढाच येतो.

आता मेमरी. या मशीनची सगळ्यात जास्त दुखणी इथेच असतात, म्हणून सावकाश. खालची १६ किलोबाइट आठ ४११६ मध्ये आहे आणि वरची ३२ आठ ४५३२ मध्ये. काही बोर्डांवर त्यावर ३७३२ लिहिलेलं असतं. खालची गेली तर मशीन सुरूच होत नाही. वरची गेली तर ते बहुधा सुरू होतं, फक्त मेमरी कमी दाखवतं. पडदा आला की बेसिकमध्ये ‘प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३’ द्या. ६५५३५ आलं तर ४८ किलोबाइट शाबूत. ३२७६७ आलं तर मशीन फक्त १६ ओळखतंय.

४५३२ आता शोधून सापडणार नाही, आणि शोधायची गरजही नाही. तो मुळात ६४ किलोबिटचाच आयसी, अर्धा भाग सदोष निघाला म्हणून अर्ध्या मापाचा करून विकलेला. त्याच्या जागी पूर्ण चांगला ४१६४ बसतो. आणि ४१६४ कुठे असतो? जुन्या पीसी एक्सटीच्या मदरबोर्डवर. ६४० किलोबाइटच्या बोर्डावर सहसा ४१२५६चे अठरा आणि ४१६४चे अठरा आयसी असत. म्हणजे एका मेलेल्या एक्सटीत दोन स्पेक्ट्रमची वरची मेमरी आहे. आपल्या जिल्ह्यात असे बोर्ड जिनिंग-प्रेसिंगच्या जुन्या कचेऱ्या, सहकारी संस्था आणि महाविद्यालयं अशा ठिकाणी शोधावेत. पुसदचं बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३चं आहे. इतक्या जुन्या संस्थांच्या प्रयोगशाळांमधून कायकाय बाद झालं असेल याचा विचार करा. पण शिपायाकडून परस्पर काही आणू नका. अशा वस्तू डेडस्टॉक रजिस्टरवर असतात, त्यांचं रीतसर निर्लेखन होतं आणि मग लिलाव. लिलाव घेणारा कबाडी कोण हे कळलं की त्याला ४१६४चा फोटो दाखवून सांगा, “भाऊ, अशा बारक्या आयसीचा बोर्ड आला तर तोडू नका, मला फोन करा.” किलोच्या भावापेक्षा थोडे जास्त द्या. एकदा माणूस जोडला की माल येत राहतो.

४११६ला मात्र हा सोपा मार्ग नाही. त्याच्या जागी ४१६४ तसाच खोचला तर पिन ८ वरचे १२ व्होल्ट त्याला जाळतील, कारण ४१६४ तिथे ५ व्होल्टची अपेक्षा करतो. पिना उचलून, तारा टाकून ते जमवता येतं, पण ज्याचा हात बसलेला आहे त्यानेच करावं. इतरांनी ४११६च मागवावा, १५० नॅनोसेकंदाचा किंवा त्याहून वेगवान. आठ हवे असतील तर बारा घ्या. ऑनलाइन येणाऱ्या जुन्या मालात वरचं लिखाण घासून नवं छापलेले आयसी असतात. कापसाच्या बोळ्याला ॲसिटोन लावून अक्षरांवर फिरवा. खालचा थर सुटला, रंग वेगळा दिसला, तर परत करा. त्याहून चांगली खात्री म्हणजे आर्डुइनोवर केलेला मेमरी टेस्टर. पॉलिटेक्निकचा एखादा विद्यार्थी तो करून देऊ शकेल. आणि नवा आयसी थेट सोल्डर करू नका, आधी १६ पिनांचा बेस बसवा. जुना काढताना त्याच्या पिना कापून एकेक वेगळी काढा. आयसी मेलेलाच आहे. ट्रॅक वाचला पाहिजे.

झेड-८०चं उत्पादन झायलॉगने बंद केलं. जुन्या ४० पिनी आयसीच्या शेवटच्या ऑर्डरी जून २०२४पर्यंत घेतल्या गेल्या. तरी तो अजून मिळतो. एनईसीचा डी७८०सी-१ किंवा शार्पचा एलएच००८०ए दिसला तर बिनधास्त घ्या, दोन्ही चार मेगाहर्ट्झचे आहेत. कॉलेजांच्या किटमध्ये बहुतेक ठिकाणी ८०८५ असतो, तो इथे चालत नाही.

रंग येत नसेल आणि ४.४३ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर संशय असेल तर तालुक्याबाहेर जायचं कारणच नाही. पाल पद्धतीच्या कित्येक रंगीत टीव्हींत तो होता. पिक्चर ट्यूबचे सेट ज्याच्याकडे अजून पडलेत अशा टीव्ही मेकॅनिककडे तो बहुधा निघतो.

उरला यूएलए नावाचा आयसी, फेरांटी कंपनीचा ६सी००१ई. खास याच मशीनसाठी केलेला, दुसऱ्या कशातही नाही. तो बेसमध्येच बसवलेला असतो. मशीन सुरू होत नाही म्हणून आधी त्याच्यावर दोष टाकू नका; वीज, मेमरी, प्रोसेसर हे सगळं तपासून झाल्यावर त्याच्याकडे या. तो गेलाच असेल तर दोनच वाटा: दुसरं मेलेलं स्पेक्ट्रम, नाहीतर युरोपात नव्याने बनवलेला बदली आयसी. चांगला असेल तर त्यावर छोटा हीटसिंक चिकटवा. तो खूप तापतो, आणि आपला उन्हाळा त्याला मानवत नाही.

कीबोर्डचा मेम्ब्रेनही तसाच खास. त्या दोन पट्ट्यांची टोकं सुकून कडक होतात आणि कनेक्टरजवळ तुटतात. ओळी मोजा: एका पट्टीवर पाच, दुसरीवर आठ. तुटलेली जागा अगदी टोकाशी असेल आणि पट्टीला थोडी लांबी असेल तर धारदार कात्रीने सरळ कापून परत खोचता येते. त्यापुढे तुटली असेल तर नवा मेम्ब्रेन लागेल. मागवताना ‘स्पेक्ट्रम प्लस’ असं स्पष्ट लिहा, कारण रबरी कळांच्या मूळ स्पेक्ट्रमचा मेम्ब्रेन वेगळ्या मापाचा आहे. परदेशातून पार्सल मागवलं की टपालखर्च आणि कस्टम मिळून वस्तूच्या किमतीच्या पुढे जातात, म्हणून इंग्लंडात कुणी नातेवाईक असेल तर त्यांच्या पत्त्यावर पाठवून दिवाळीला येताना आणायला सांगणं बरं. मेम्ब्रेन गुंडाळू नये, दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवून आणावा.

चित्रासाठी जुन्या मॉड्युलेटरच्या मागे लागू नका. तो यूएचएफच्या ३६व्या चॅनलवर चित्र देतो. मॉड्युलेटरच्या आतला जोड बदलून कंपोझिट सिग्नल बाहेर काढा आणि टीव्हीच्या पिवळ्या एव्ही सॉकेटला द्या. टेपरेकॉर्डर नसला तरी अडत नाही: मोबाइलवर प्रोग्रॅमची ध्वनिफाइल घ्या, मोनो पिनेची वायर ‘इअर’मध्ये लावा, आवाज पूर्ण ठेवा. पूर्ण ४८ किलोबाइटचा प्रोग्रॅम भरायला साडेचार-पाच मिनिटं लागतात. तेवढ्यात फोन आला तर पुन्हा पहिल्यापासून, म्हणून आधी फ्लाइट मोड लावा.

उरलेले आयसी काळ्या अँटिस्टॅटिक फोमात खोचा, प्रत्येकावर कुठून आणला आणि तपासला की नाही याची चिठ्ठी लावा, आणि मृगाच्या आत सिलिका जेलच्या पुड्यांसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.