ताडपत्रावरचे बुद्धवचन

उपासक-उपासिकांनो, त्रिपिटकाचा छापील ग्रंथ आज आपणांस सहज मिळतो. परंतु महापरिनिर्वाणानंतर कित्येक शतके बुद्धवचन भिक्खूंच्या मुखातच होते. मुखातले वचन माणसाबरोबर जाते. अट्ठकथेत सांगितले आहे की, सिंहलद्वीपात एकदा 'महानिद्देस' हा ग्रंथ एकाच भिक्खूला पाठ उरला आणि तोही दुःशील होता. तरीही ग्रंथ लोप पावू नये म्हणून महारक्खित थेरांनी तो त्याच्याकडून शिकून घेतला. असे संकट ओळखूनच इ. स. पूर्व पहिल्या शतकात, वट्टगामणी अभय राजाच्या काळी, भिक्खूंनी त्रिपिटक लिहून काढले. परंपरेप्रमाणे हे कार्य मातलेजवळील अलुविहारात झाले.

लिहिले कशावर? श्रीताड वृक्षाच्या पानांवर. कोवळे पान घेऊन मधली शीर काढतात, पट्ट्या पाण्यात उकळतात, वाळवतात व घासून गुळगुळीत करतात. नंतर लोखंडी टोकदार लेखणीने अक्षरे कोरतात. कोरलेले अक्षर दिसत नाही, म्हणून काजळी व तेल चोळून पान पुसतात. काळा रंग फक्त रेघांत राहतो. पानांना भोके पाडून दोरी ओवतात आणि वर-खाली लाकडी फळ्या बांधतात.

पण दमट हवा व कीड यांपुढे पान फार टिकत नाही. म्हणून दर काही पिढ्यांनी नवी प्रत करावीच लागे. आज सिंहलद्वीपात उरलेल्या बहुतेक पोथ्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील आहेत. मूळ पाने गेली; नकल करणाऱ्या हातांनी वचन राखले.

पुढे पोथीचा उपयोग बदलत गेला. पाठांतराचा आधार असलेली पोथी पुण्यासाठी लिहवून विहाराला दान देण्याची वस्तू झाली, वस्त्रात गुंडाळून पूजिली जाऊ लागली. ब्रह्मदेशात मिंडोन राजाने त्रिपिटक 729 संगमरवरी शिलांवर कोरविले. 1893 साली सयामच्या चुलालंकरण राजाने ते 39 खंडांत छापविले. 1956 पासून नालंदा येथून भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली 41 खंडांची देवनागरी आवृत्ती निघाली. आपल्या लिपीत पालि आली. जुन्या पोथ्या आता संग्रहालयांत जपल्या जातात, त्यांची छायाचित्रे घेतली जातात.

वाचकहो, पोथीला वंदन करा. पण तिची दोरी सोडून ती वाचा. न वाचलेली पोथी किडीच्याच उपयोगी पडते.

अभ्यासासाठी प्रश्न :
1) महारक्खित थेरांनी दुःशील भिक्खूकडून ग्रंथ का शिकला?
2) आपल्या विहारातील कोणता ग्रंथ या वर्षात उघडलाच गेला नाही?