चढावर गाडीची ओढ कमी होणे : टाकीच्या हवानळीतील कीटकांची घरटी

जबलपूर परिसरातील हिरवा वाटाणा हिवाळ्यात पिकअप गाड्यांतून नागपूरकडे निघतो. बरगीनंतर लखनादौनच्या बाजूला रस्ता सातपुड्याच्या पठारावर चढू लागतो आणि सपाटीवर निमूट धावलेली गाडी तेथे ओढेनाशी होते. घमापूरसारख्या शहरी वस्तीत बिघाड झाला तर मेकॅनिक हाकेच्या अंतरावर असतो. चढावर मात्र शेंगांचा ढीग आतून तापू लागतो, आणि इंजिन बंद पडल्यास ब्रेकचे साहाय्यही थोड्याच वेळात संपते.

दहा-पंधरा मिनिटे थांबल्यावर गाडी पुन्हा चालते, म्हणून ‘गाडी तापली’ असे निदान केले जाते. जबलपूरच्या वाहन निर्माणीत तयार होणाऱ्या पेट्रोलवरील जोंगा गाडीच्या काळात त्यात तथ्य होते. कार्ब्युरेटरच्या गाडीत उष्णतेने नळीतच पेट्रोलची वाफ होई आणि विश्रांतीनंतर ती निवे. डिझेल गाडीला हे निदान सहसा लागू पडत नाही. उंचीचे कारणही येथे फोल ठरते. दर 100 मीटर चढाला हवेची घनता साधारण 1 टक्क्याने घटते. दोनशे मीटरच्या चढाने एवढी ओढ कमी होत नाही.

प्रथम धूर पाहावा. काळा धूर व ओढ कमी, तर हवेची वाट अडलेली असते : मळणीच्या भुशाने भरलेला एअर फिल्टर किंवा टर्बोची सुटलेली नळी. धूर नाही आणि ओढही नाही, तर इंजिनाला इंधन कमी पडत आहे.

इंधन कमी पडण्याचे एक कारण हमखास दुर्लक्षिले जाते. टाकीतून जेवढे डिझेल जाते तेवढी हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणात झडप किंवा टाकीला बारीक हवानळी असते. ही वाट बुजली की टाकीत निर्वात वाढतो. सपाटीवर इंधन थोडे लागते, त्यामुळे दोष लपून राहतो. भरल्या गाडीने चढ घेताना इंधनाची मागणी अनेक पटींनी वाढते आणि पंपाची ओढ अपुरी पडते. थांबल्यावर फटींतून हवा झिरपते व गाडी ‘बरी’ होते.

नळी बुजवणारे बहुधा कीटकच असतात. पोकळीत मातीचे पडदे घालून घर करणाऱ्या गांधीलमाश्यांना, तसेच पानांचे तुकडे रचणाऱ्या एकांड्या मधमाश्यांना, महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीची नळी आयती सापडते. कोळीही मागे नाहीत. 2011 मध्ये माझदा कंपनीने उत्तर अमेरिकेतील सुमारे 65,000 गाड्या याच कारणासाठी परत बोलावल्या. पिवळ्या रंगाचा एक कोळी टाकीच्या हवानळीत जाळे विणत होता.

परीक्षा सोपी आहे. ओढ कमी होताच गाडी सुरक्षित जागी थांबवून हँडब्रेक लावावा, चाकांमागे दगड ठेवावेत, इंजिन बंद करून डिझेल टाकीचे झाकण सावकाश उघडावे. (रेडिएटरचे नव्हे; गरम रेडिएटर उघडल्यास चेहरा भाजतो.) हवा आत ओढली गेल्याचा जोरदार आवाज आला आणि झाकण पुन्हा लावून निघाल्यावर काही अंतर ओढ परतली, तर दोष हवेच्या वाटेत आहे. हलका फुसकारा काही गाड्यांत नेहमीचाच असतो. ओढ परतणे हाच खरा पुरावा.

नळीत तार खुपसू नये, माती टाकीत पडते. नळी टाकीपासून सोडवून त्याच टोकाने बाहेरच्या दिशेला हवा मारावी. बाहेरच्या टोकाला बारीक स्टीलची जाळी बसवावी. प्लास्टिक बांधल्यास माशीचेच काम माणूस करतो. कीटकनाशक फवारण्याचे काहीच कारण नाही. यांतील अनेक गांधीलमाश्या पिल्लांसाठी शेतातील अळ्याच पकडून नेतात.

झाकण उघडूनही फरक पडला नाही, तर डिझेल फिल्टरकडे वळावे. टाकीच्या तळाशी साचलेल्या पाण्याच्या व डिझेलच्या सीमेवर बुरशी वाढते आणि तिचा काळपट, बुळबुळीत थर फिल्टर बुजवतो. नुसता फिल्टर बदलल्यास काही दिवसांत तक्रार परत येते. टाकी रिकामी करून धुवावी लागते. हंगाम संपल्यावर गाडी उभी करताना टाकी भरून ठेवावी, म्हणजे आत दमट हवेला जागा कमी राहते. पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरच्या तळातील पाणी हंगामातील पहिल्या फेरीआधी काढून टाकावे आणि त्याच वेळी हवानळीचे टोकही पाहून घ्यावे.