पोरगी आळशी नाही, तिच्या अंगात रक्त कमी आहे

शाळेची पहिली चाचणी झाली, गुण घरी कळले, की दवाखान्यात एक ठरावीक जोडी येऊ लागते. बाप पुढे आणि नववी-दहावीतली मुलगी मागे, मान खाली घालून. "सायेब, हिला काहीतरी टॉनिक द्या. सातवीपर्यंत पहिल्या पाचात होती. आता पुस्तक हातात घेतलं की पेंगती. आई म्हणती, कामाचा कंटाळा करती." मुलीला विचारले तर ती गप्पच राहते. खालची पापणी जरा ओढून पाहावी, तर आतला भाग गुलाबी असायला हवा तो पांढुरका दिसतो. रक्त तपासले की हिमोग्लोबिन साडेआठ नाहीतर नऊ निघते. मग बापाचा ठरलेला प्रश्न येतो, "पण हिला ताप-बीप तर काहीच नाही की!"

रक्त कमी होण्याला ताप लागत नाही. हा आजार पावलांचा आवाज न करता घरात शिरतो, म्हणून तो आळस वाटतो. हिमोग्लोबिन हे रक्तातले प्राणवायू वाहून नेणारे द्रव्य होय आणि ते तयार व्हायला लोह लागते. बारा वर्षांपुढील मुलीच्या १०० मिलिलीटर रक्तात ते किमान १२ ग्रॅम असावे. अकराच्या खाली गेले तर मध्यम आणि आठच्या खाली गेले तर तीव्र रक्तक्षय समजतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी शंभरात ५९ जणींना रक्तक्षय आढळला. मुलांत हेच प्रमाण ३१ होते. म्हणजे दहावीच्या वर्गात ज्या बाकावर दोन मुली बसल्या आहेत, त्यातली एक तरी अशी असण्याचा संभव आहे.

अभ्यासाशी याचा संबंध काय, असे पालक विचारतात. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातील हायस्कूलच्या मुलींवर झालेला एक अभ्यास १९९६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. या मुलींना रक्तक्षय झालेलाही नव्हता, फक्त शरीरातला लोहाचा साठा आटला होता. काहींना आठ आठवडे लोहाच्या गोळ्या दिल्या, काहींना तशाच दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या. लोह मिळालेल्या मुलींची शब्द ऐकून ते लक्षात ठेवण्याची शक्ती दुसऱ्या गटापेक्षा चांगली निघाली. आपल्याकडे बडोद्याला डॉ. सुभद्रा शेषाद्री आणि डॉ. तारा गोपालदास यांनी शाळकरी मुलांवर असेच काम केले आणि ते १९८९ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा शिकवणीची फी भरण्याआधी एकदा रक्त तपासून घ्यावे, हे माझे सांगणे काही नवीन नाही.

आता नववीतच हे का होते ते पाहू. पाळी सुरू झालेली असते, दर महिन्याला रक्त जाते. उंची वाढत असते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या तक्त्याप्रमाणे १३ ते १५ वयाच्या मुलीला रोज ३० मिलिग्रॅम लोह आहारातून मिळायला हवे. त्याच वयाच्या मुलाला २२ पुरते. आणि नेमक्या याच वेळी शाळेतले जेवण बंद होते! शालेय पोषण आहार पहिली ते आठवीपर्यंतच आहे. आठवीपर्यंत दुपारी खिचडी, वरण-भात, उसळ असे काहीतरी पोटात जात होते. नववीला गेल्यावर सकाळी चहा-बिस्किट, मग एस.टी. गाठायची घाई, डबा नेला तर नेला, आणि संध्याकाळी घरी येऊन भाकरी.

आपल्या जिल्ह्यात यात आणखी एक भर आहे. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या कारखान्याला जातात. मागे राहिलेली मोठी मुलगी आजीजवळ असते. पाणी भरणे, भाकरी थापणे, लहान भावाला शाळेत घालणे, हे सारे उरकून ती वर्गात येते. सगळ्यांना वाढून उरेल ते खायचे, हे तिने आईकडून न शिकवता शिकलेले असते. आईबाप उसाच्या फडात, आणि परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. तिच्या तोंडावरचा फिकेपणा पाहायला घरात कोणी नसते. अशा मुलींकडे गुरुजींनी व बाईंनी लक्ष द्यावे ही विनंती आहे. जिना चढताना धाप लागणे, डोके दुखणे, छाती धडधडणे ही लक्षणे आहेतच, पण खडू, पाटीवरची पेन्सिल, माती किंवा कच्चे तांदूळ खाण्याची खोड हेही शरीरात लोह कमी असल्याचे लक्षण असू शकते. त्यासाठी मुलीला छडी नको, तपासणी हवी.

आणि हे फक्त गुणांपुरते नाही. याच पाहणीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी शंभरात चाळीसहून अधिक जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. अभ्यासात मागे पडली म्हणून शाळा सुटली, शाळा सुटली म्हणून लग्न, आणि आठ-नऊ ग्रॅम रक्तावर सतराव्या वर्षी बाळंतपण. त्या वेळी थोडा जास्त रक्तस्राव झाला तरी जीव जाऊ शकतो.

उपाय महाग नाही. हिमोग्लोबिनची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात व ग्रामीण रुग्णालयात होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथकही शाळेत येऊन मुले तपासते. फेब्रुवारी २०१३ मध्ये हा कार्यक्रम आपल्याच राज्यातून, पालघरहून सुरू झाला. सहावी ते बारावीच्या मुला-मुलींना आठवड्याला लोह व फॉलिक अॅसिडची एक निळी गोळी द्यायची योजना आहे आणि वर्षातून दोनदा जंताची गोळी. जंताच्या गोळीला हसू नये. हुकवर्म नावाचे जंत आतड्याला चिकटून रक्त पितात आणि अनवाणी शेतात फिरणाऱ्याच्या तळपायातून ते आत शिरतात. मुलांनाही ही गोळी तितकीच लागते.

निळ्या गोळीबद्दल गैरसमज फार. गोळीने मळमळते, म्हणून मुली ती वर्गाबाहेर फेकून देतात. बहुतेक वेळा गोळी उपाशीपोटी घेतलेली असते. जेवण झाल्यावर घ्यावी, चहा किंवा दुधाबरोबर घेऊ नये. शौचाला काळे होते, त्याने घाबरू नये. मात्र ही गोळी आठवड्याला एक अशी, रक्त कमी होऊ नये म्हणून आहे. रक्त आधीच कमी झालेले असेल तर रोज किती गोळ्या, हे डॉक्टर ठरवतील. साधारण महिन्यात एक ग्रॅमने हिमोग्लोबिन वाढावे. वाढलेच नाही, किंवा पाळी सात दिवसांहून अधिक चालते, दर एक-दोन तासाला कपडा बदलावा लागतो, तर पुढची तपासणी हवी. त्यासाठी अंबाजोगाईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्यातच आहे. रक्त भरून आले तरी गोळ्या आणखी काही महिने घ्याव्या लागतात, कारण आटलेला साठाही भरायचा असतो. गोळ्यांचे पाकीट लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. गोड समजून मूठभर खाल्ल्या तर त्यांच्या जिवावर बेतते.

"सलाईन लावा, म्हणजे ताकद येईल," असा आग्रह अजूनही होतो. सलाईन म्हणजे मिठाचे पाणी, त्यात लोहाचा कणही नाही. बीट लाल असते म्हणून ते खाऊन रक्त वाढते, हाही असाच समज. बीटात लोह फारसे नसते. गुळाचेही आपण जरा जास्तच कौतुक करतो. एका खड्यातून मिळते ते जेमतेम एखादे मिलिग्रॅम. त्यापेक्षा आपली बाजरी भली. १०० ग्रॅम बाजरीत साधारण सहा ते आठ मिलिग्रॅम लोह असते. तिच्या जोडीला मटकीची किंवा हुलग्याची उसळ, तीळ-शेंगदाण्याची चटणी, तांदुळजा-मेथीसारखी पालेभाजी. खाणाऱ्या घरात अंडी, मटण, कलेजी. धान्य-भाजीतले लोह अंगी लागायला आंबट लागते, म्हणून ताटात लिंबाची फोड हवी, नाहीतर जेवणावर एक पेरू किंवा आवळा. चहा मात्र जेवणाच्या आगेमागे तासभर नको, तो लोह अडवतो. सकाळी चहात बुडवून चपाती खाऊन शाळेत जाणाऱ्या मुलीला त्या चपातीतले लोह फारसे मिळत नाही.

मुख्याध्यापकांना एक सुचवावेसे वाटते. गोळीचा वार ठरवताना ती मधल्या सुट्टीत, डबा खाऊन झाल्यावर, बाईंच्या समोर द्यावी. ज्या मुलीने डबा आणलेला नाही तिची त्याच वेळी नोंद होईल. आणि पालकांनी मुलीचे हिमोग्लोबिन तपासले की तो आकडा तारखेसह तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवावा, बरोबर एक महिन्याने पुन्हा तपासून त्याखाली दुसरा लिहावा.